कडेनं येणारं निरांजन

आमच्या घरात किस्से सांगायचं खातं माझ्याकडं आहे. लग्नात, बारशात, अगदी मयताला जमलेल्या माणसांतही मला गप्प बसवत नाही. त्यासाठी बायकोनं मागून शर्ट ओढायची एक खूण ठरवून ठेवली आहे आणि त्यामुळं माझे बरेच शर्ट मागून लांब झालेत. पण त्या सकाळी सांगलीहून मनीषाचा, माझ्या आतेबहिणीचा, फोन आला. "दादा, आई गेली... चहा घेता घेता," एवढंच ती बोलली, आणि एस.टी. उशिरा येणार असं कुणी सांगावं तसं मी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवून दिला. इतका बोलका माणूस, पण ऐन वेळी दोन शब्द, तेही एकच शब्द दोनदा!

आबा, म्हणजे माझे वडील, अंगणात बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होते. फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, वय ऐंशीच्या पलीकडं. आमच्या कोरेगावच्या घरात अजून त्यांचाच हुकूम चालतो. मी त्यांच्या बरोबर समोर जाऊन उभा राहिलो. त्यांना काही सांगायचं तर समोरच जावं लागतं, बाजूनं आलेला माणूस त्यांना दिसत नाही. "आबा, शकूआत्या..." म्हटलं आणि पुढं जमेना. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी ओळखलं. "कवा?" म्हणाले. "आत्ता, सकाळी." सूप बाजूला सरकवून त्यांनी हात झटकले आणि म्हणाले, "टोपी आण माझी. आन् चप्पल बी बघ, हितंच कुठंतरी हाय." चप्पल त्यांच्या डाव्या पायाला टेकून होती.

सांगलीला पोचलो तेव्हा दार माणसांनी भरलेलं. सुभेदार आले म्हणून वाट झाली, कुणीतरी आत्याच्या उशाशी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली. आबा बसले, मान इकडं-तिकडं केली आणि परत उठले. "हितनं दिसंना," म्हणाले. "मला पायाशी उभं करा." मी धरून नेलं. बहिणीच्या पायाशी, अगदी सरळ रेषेत, हा माणूस सावधान उभा राहिल्यासारखा उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आता दिसली."

काचबिंदूनं आबांच्या नजरेच्या दोन्ही कडा नेल्या. मधे जे उरलंय, ज्यातून त्यांना त्या दिवशी बहिणीचा चेहरा शेवटचा दिसला, ते राखलं शकूआत्यानं. सुखासुखी नाही, भांडून.

शकुंतला हे नाव तिच्या नोकरीच्या कागदांवर होतं. गावात ती शकी, आम्हाला शकूआत्या आणि सांगलीच्या एका नर्सिंग शाळेत पोरींना घाम फोडणारी "मॅडम". आमच्या घरातनं शिकायला बाहेर पडलेली पहिली मुलगी. आजोबांचा विरोध होता, पण आबांनी सीमेवरून पत्र धाडलं की फौजेत जखमी झाल्यावर बायकांच्या हातचं औषध चालतं, मग आपल्या शकीनं दिलेलं का नको. विषय मिटला. आधी तिनं वॉर्डात नोकरी केली, मग शिकवायला लागली. आवाज असा की वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात कुजबुजणारी पोरगीही गप्प व्हायची. मी लहानपणी सुट्टीला तिच्याकडं जायचो. गुडघा फुटला तर आई फुंकर घालते, आत्या आधी टिंक्चर लावायची आणि मी ओरडलो की म्हणायची, "वरड. फुफ्फुसं चांगली हायत एवढं कळलं."

तिची स्वतःची गोष्ट सुरू झाली चटणीपासून. आपल्याकडं ताटात चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड डावीकडं वाढायची पद्धत. आत्या जेवायला आली की म्हणायची, "चटणी वाढली न्हाई का गं?" आणि चटणी ताटातच असायची. आम्ही हसायचो. मी तर त्यावर एक किस्साच रचला होता, आत्याला सासरी चटणी मिळाली नाही म्हणून ती माहेरी दोनदा मागते, असा काहीतरी. लोक हसायचे, आत्याही हसायची. मग ती डाव्या खांद्यानं दाराच्या चौकटीला धडकायला लागली, पायरी चुकायला लागली. दवाखान्यातल्या मैत्रिणींना व्हरांड्यात उभ्या-उभ्या विचारलं तर एक म्हणाली, "सिस्टर, वय झालं, मोतीबिंदू असणार. अजून कच्चा असंल. पिकू द्या, मग काढून टाकू." आणि माझ्या आत्यानं, जिनं शेकडो पोरींना शिकवलं, तिनं तो पिकू दिला! लोणच्याची बरणी उन्हात ठेवावी तशी डोळा ठेवून वाट बघत बसली. दुखत नव्हतं, लाल होत नव्हतं, समोरचं वाचता येत होतं. नर्सबाईला दुखल्याशिवाय डॉक्टरकडं जायला वेळ कुठं असतो?

शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून डोळ्याच्या मागचा पडदा बघितला, डोळ्यातला दाब मोजला आणि सांगितलं, हा मोतीबिंदू नव्हेच. मोतीबिंदू म्हणजे पुढची काच धूसर होणं. ती बदलता येते, लख्ख दिसतं. काचबिंदूत मागची नस सुकत जाते. कडेपासून दिसायचं कमी होतं, इतकं हळू की माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं तेवढं राखता येतं. आत्यानं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज खाली आला होता. "संज्या, पिकायची वाट बघत बसले रं मी. आंबा हाय का त्यो?"

मला वाटलं, आता आत्या खचणार. मी तिला धीर द्यायला म्हणून सांगलीला गेलो. धीर द्यायला मी जातो म्हणजे समोरच्यालाच मला चहा पाजून शांत करावं लागतं, हा घरातला अनुभव. पण आत्या घरी नव्हती, शाळेत होती. शिपायानं मला वर्गाच्या मागच्या बाकावर नेऊन बसवलं. पुढं आत्या खुर्चीत बसली होती आणि पोरी तिच्याभोवती उभ्या.

"मी आज पेशंट," ती म्हणाली. "मला चटणी दिसत न्हाई. काय झालंय सांगा."

पोरी हसल्या. एक म्हणाली चष्म्याचा नंबर, दुसरी म्हणाली साखर. मेढ्याकडची एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, "मॅडम, मोतीबिंदू. आमच्या आज्जीचा बी हाय. डॉक्टर म्हटल्यात, पिकायला ठेवा."

"कोणत्या डॉक्टर?"

"आमच्या गल्लीतल्या आशाताई."

"आज्जी समोरचं वाचती?"

"व्हय, पोथी वाचती की. चष्माबी लागत न्हाई कवा-कवा."

"आन् चालताना?"

"चालताना... लय आपटती, मॅडम. आमी म्हणतो, म्हातारपण."

आत्यानं त्या पोरीला पुढं बोलावलं, समोर स्टुलावर बसवलं, स्वतःचा एक डोळा हातानं झाकला आणि म्हणाली, "मी तुझ्या नाकाकडं बघती. तू बोटं कडेनं हळूहळू आत आण. दिसली की मी 'आली' म्हणते." पोरीनं उजवीकडून बोटं आणली, आत्या लगेच "आली" म्हणाली. डावीकडून आणली... बोटं आली, आली, पार नाकाजवळ आली, तरी आत्या नाकाकडंच बघतेय. मग आत्या म्हणाली, "बघा, ही माझी सरहद्द. हितनं पुढं माझा मुलूख न्हाई. आता समदी आळीपाळीनं या आन् माझी सरहद्द शोधा." आणि पोरी एकेक करून आपल्या मॅडमच्या डोळ्यात न दिसणारा भाग शोधत राहिल्या. शिकवायचं तर स्वतःचा डोळा पुढं करायचा, असली बाई! त्या मेढ्याच्या पोरीला तिनं त्याच आठवड्यात गावी पाठवलं, "आज्जीला घेऊन ये, मिरजेला दाखवू, पिकायची वाट बघू नको," म्हणून. घरी परतताना मला म्हणाली, "मी इतकी वर्षं पोरींना डोळा शिकवला. पण तक्ता वाचून घेणं म्हणजे डोळा तपासणं, असं मलाच वाटत होतं. मंग पोरींना काय वाटणार?"

आणि मग ती म्हणाली, "हे घराण्यात असतं, संज्या. भावा-बहिणीत हमखास बघावं लागतं. दादाला बघितलं पाहिजे."

इथंच खरं अडलं. कारण दादाचा, म्हणजे आमच्या आबांचा, सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे त्यांची नजर. "सहा बाय सहा!" हे त्यांचं घोषवाक्य. फौजेत भरती होताना डॉक्टरनं पाठीवर थाप मारली होती, ती थाप ते अजून मिरवतात. आत्यानं पोरी घेऊन आमच्या गावात नेत्रतपासणीचं शिबिर लावलं, उघड-उघड आबांसाठीच. आबा आले, तक्त्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यात खालची बारीक ओळ अशी ठणठणीत वाचली की पोरींनी टाळ्या वाजवल्या. एक पोरगी धावत आत्याकडं आली, "मॅडम, बाबांचं एकदम नॉर्मल!"

"समोरचं नॉर्मल," आत्या म्हणाली. "कडेचं बघितलंस का?"

तोवर आबा चहाच्या टपरीवर. कडेचं बघायला कुणी राहिलंच नव्हतं. नंतर ती त्यांना मिरजेला चल म्हणून महिनोन् महिने विनवत राहिली आणि ते हसण्यावारी नेत राहिले. "शके, तुझा डोळा गेला म्हणून माझा बी घालवणार का? मी अजून बुलेट चालवतो." बुलेटवर त्यांचा जीव. आम्हाला भीती त्याचीच. गावातल्या वळणावर डावीकडून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला तर? पण त्यांना हे सांगणार कोण? मी एकदा प्रयत्न केला होता. आबांनी मला बुलेटवर मागं बसवून कोरेगावच्या बाजारातून फिरवून आणलं. मी परत कधी विषय काढला नाही. दोन दिवस नीट जेवलोही नाही.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला आत्या नेहमीप्रमाणं सांगलीहून आली. पाट मांडला, रांगोळी घातली, आबा टोपी घालून, मिशांना पीळ देऊन पूर्वेकडं तोंड करून बसले. आत्यानं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली. मग ताटातलं निरांजन हातात घेतलं आणि म्हणाली, "दादा, डाव्या हातानं डावा डोळा झाक."

"का गं?"

"झाक म्हणते ना. आता माझ्या नाकाकडं बघ. दिवा दिसला की 'आला' म्हण."

"ओवाळतीस का डाक्टरकी करतीस?"

"भाऊबीज हाय. आज बहिणीचं ऐकायचं."

आबांनी हसत डोळा झाकला. उजवीकडनं दिवा आला, थोडा उशिरा पण "आला" म्हणाले. मग हात बदलला, उजवा डोळा झाकला. आत्यानं निरांजन डावीकडं, आबांच्या कानाच्या बाजूला नेलं आणि सावकाश पुढं आणायला लागली. आम्ही सगळे बघतोय. ज्योत कानाजवळून गालाजवळ आली. आबा बहिणीच्या नाकाकडं बघत शांत, अगदी समाधानानं बसलेले. ज्योत मिशीच्या टोकाजवळ आली. माझी बायको "अगंबाई!" म्हणाली. आबांना मिशीला ऊब लागली तशी ते दचकले आणि मग म्हणाले, "आला."

आबांनी आमच्या तोंडांकडं बघितलं, एकेकाकडं, मान फिरवून फिरवून. "काय झालं?"

"ओवाळणी मागते," आत्या म्हणाली. "साडी नको. उद्या माझ्यासंगं मिरजेला चल."

आबांचा चेहरा बदलला. "सणाच्या दिवशी डाव करतीस व्हय माझ्याशी?" असं म्हणून ते पाटावरून उठले. ओवाळून होण्याआधी भाऊ पाटावरून उठला, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. ते बाहेर गेले. आत्या जागची हलली नाही. रिकाम्या पाटासमोर ताट धरून बसून राहिली; निरांजनातलं तूप संपत आलं तशी माझ्या बायकोला म्हणाली, "तूप आण गं. वात विझता कामा नये."

मी खिडकीतून बघितलं. मला वाटलं होतं, आता बुलेटचा आवाज येणार. आबा बुलेटजवळ उभे होते, पण चालू करत नव्हते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी एक डोळा झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं कानापाशी नेऊन हलवली. पुढं आणली. परत मागं नेली, परत हलवली. डोळा बदलला. बुलेटचा आरसा, अंगणातला नळ, काय काय समोर धरून ते तसंच करत राहिले. सुभेदार आपली सरहद्द स्वतः मोजत होते. मी खिडकीपासून मागं सरकलो. बघायला नको होतं असं वाटलं.

थोड्या वेळानं ते आत आले, टोपी सारखी केली आणि पाटावर बसले. "ओवाळ," म्हणाले. आत्यानं ओवाळलं. मग ते म्हणाले, "फौजेत पोरांना मी शिकवायचो, समोरच्या दुश्मनाला भिऊ नका, बगल सांभाळा. आन् माझीच बगल उघडी पडली व्हय गं, शके?"

"म्हणून तर आले ना मी बगलेला," ती म्हणाली. एवढं बोलून ती रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आबा म्हणाले, "वरड. म्हणजे फुफ्फुसं चांगली हायत एवढं कळंल." हे वाक्य त्यांनी तिचंच उचललं होतं.

मिरजेला डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा बराच गेलाय, उजव्यातही कडा गेल्यात, पण मधलं शाबूत आहे. आणखी उशीर केला असता तर तेही गेलं असतं. रोज थेंब घालायचे, कायमचे, एक दिवसही चुकवायचे नाहीत. आबांनी बुलेटची किल्ली माझ्या हातात दिली. मला चालवता येत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझीही तपासणी आत्यानं त्याच दिवशी उरकून घेतली. डोळ्यावर हवेचा फुसका मारून दाब मोजणारं यंत्र असतं. मी प्रत्येक फुसक्याला खुर्चीसकट मागं सरकत होतो. शेवटी आत्यानं मागून माझं डोकं धरलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "घ्या आता. पन्नाशीचं लेकरू हाय." माझे डोळे ठीक निघाले. तरी दरवर्षी जावं लागतं, आणि दरवर्षी माझं डोकं कुणीतरी धरावं लागतं.

त्यानंतर तिनं आपल्या प्रत्येक नव्या वर्गाला आबांची ही गोष्ट सांगितली. मिशीसकट. पोरी आरोग्य केंद्रात नोकरीला लागल्या, गावोगाव गेल्या, तरी म्हाताऱ्या माणसाला तक्ता वाचून झाल्यावर म्हणायच्या, "आता आमच्या नाकाकडं बघा." आणि घरात कुणाला काचबिंदू निघाला की भाऊ-बहिणींना बोलवायच्या. आत्याच्या तेराव्याला त्यातल्या बऱ्याच जणी आल्या होत्या. मेढ्याची ती पोरगीही. आता ती स्वतः पोरींना शिकवणारी बाई झालीय. सांगत होती, आज्जी होती तोवर तिला अंगणातलं सगळं नाही, पण पोथी दिसत राहिली.

राहता राहिले आबांचे थेंब. आत्यानं पद्धत शिकवली होती: थेंब घातला की डोळा मिटायचा, नाकाजवळच्या कोपऱ्यात बोट दाबून दोन मिनिटं बसायचं, म्हणजे औषध घशात उतरत नाही. पण आबांना गप्प बसवणं म्हणजे काय, तुम्हाला अंदाज असेल. माझा स्वभाव काय आकाशातून पडलेला नाही. मग तिनं तोड काढली. रोज संध्याकाळी ती सांगलीहून फोन करायची. मी आबांना थेंब घालायचो (माझाच डोळा आधी मिटायचा, निम्मे थेंब त्यांच्या गालावर), ते डोळे मिटून, दोन्ही कोपऱ्यांत बोटं दाबून बसायचे, आणि मी फोन समोर ठेवायचो. आबांचे हात गुंतलेले, डोळे मिटलेले, बोलायची बंदी. आत्या एकटीच बोलायची. मार्केट यार्डातली हळद, मनीषाच्या सोसायटीतलं भांडण, वर्गातली एखादी वेंधळी पोरगी, मिरजेला यंदा पडलेली थंडी... आयुष्यभर हुकूम सोडत आलेला माणूस मुकाट्यानं ऐकायचा. मधेच ओठांच्या कडा हलायच्या. दोन मिनिटं कधीच झालेली असायची.

आत्या गेल्यावर पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, आज थेंब राहतील. पण आबांनी स्वतःच बाटली पुढं केली. मी थेंब घातले. ते डोळे मिटून, बोटं दाबून बसले. समोर काही नाही. दोन मिनिटं झाली, मग पाच, मग दहा. बाहेर अंधारायला लागलं. मला गप्प बसवेना. म्हटलं, "आबा, झालं की आता. किती वेळ बसणार?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत, बोटंही काढली नाहीत.

"तिचं बोलणं कवा दोन मिन्टांत संपलंय का रं?"